घेऊ का, नाना?

लिंबानं खिळा गिळला होता.

मी चष्मा पुसला, पुन्हा घातला, बुंध्याला जवळजवळ नाक लावलं. जिथं चांगला चार बोटं खिळा बाहेर असायचा, तिथं सालीची एक गाठ उरली होती, बोळक्या तोंडासारखी मिटलेली. तिच्यातून गंजाचा तांबूस ओघळ खाली उतरला होता, पान खाल्लेल्या माणसानं हनुवटी पुसायची विसरावी तसा. एवढं लोखंड झाडाच्या पोटात गेलं आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही! जवळच एक शेळी मागच्या पायांवर उभी राहून डहाळी ओढत होती. भर उन्हात एक म्हातारा बुंध्याचा वास घेतोय हे तिनं पाहिलं आणि ओढायचा वेग वाढवला. तिला मी पाल्यातला वाटेकरी वाटलो असणार.

वडवणीहून जीपनं आलो होतो, आक्काला भेटायला. फाट्यावर उतरून सरळ तिच्या घरी जायचं, तर पाय इकडे, जुन्या दूध सोसायटीकडे वळले. सोसायटीच्या खोलीचा पत्रा गेलेला. हौदात बाभळीचं रोप, गुटख्याच्या पुड्या आणि एक चप्पल. एकच. विहिरीवर जाळी टाकलेली.

मी आयुष्यभर कॉलेजातल्या पोरांना स्वातंत्र्य शिकवलं. पगार घेऊन. स्वातंत्र्याचे प्रकार, व्याख्या, आक्षेप, आक्षेपांना उत्तरं आणि परीक्षेत हमखास येणारी टीप. पोरं जांभया द्यायची, आणि जांभई देण्याचं स्वातंत्र्य मी कधी काढून घेतलं नाही. पण खरं विचाराल तर या विषयातली माझी जी काही अक्कल आहे, ती या खिळ्याला टांगलेली होती. आता खिळाच दिसेना.

त्या वर्षीच्या दुष्काळाला वास होता. दुष्काळ म्हटलं की लोक भेगाळलेली जमीन सांगतात, कारण फोटोत तीच येते. मला वास आठवतात. मागल्या सालच्या कडब्याच्या पेंढीचा धुळकट वास. तापलेल्या पत्र्याचा. रोजगार हमीच्या कामावरून आलेल्या माणसांच्या खारवलेल्या मुंडाशांचा. आणि रिकाम्या रांजणाचा. त्यात डोकं घातलं की ओल्या मातीची आठवण यायची. ओल नव्हे, नुसती आठवण. मी घालायचो डोकं. एकदा ते अडकलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला ओढून काढण्याआधी घरातल्या सगळ्यांना गोळा करून दाखवलं, ‘बघा, ह्याला तत्त्वज्ञान शिकायला अंबाजोगाईला ठिवलंय.’

या कोरड्या वासांच्या मधोमध एकच ओला वास होता. सोसायटीच्या हौदाचा. शेवाळ, भिजलेलं सिमेंट आणि शेजारी उपड्या घातलेल्या दुधाच्या कॅनमधला आंबूस दर्प. गावातल्या विहिरींनी एकेक करून तळ दाखवला, पण सोसायटीच्या विहिरीला पाणी होतं. विहिरीवर मोटर, मोटरीवर बशीरभाई, मोटरीतून हौद, हौदाला तोटी, तोटीवर लोखंडी पेटी, पेटीला पितळी कुलूप, आणि कुलपाची चावी नानांच्या कोपरीच्या खिशात.

नाना म्हणजे सोसायटीचे चेअरमन. चेअरमन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं जो माणूस आला असेल तो पुसून टाका. नानांचे डोळे कायम ओलसर असायचे, कुणाचं मांजर मेलं तरी भरून यायचे. सकाळी ते पेटी उघडायचे आणि लिंबाखाली बाजेवर बसायचे. बाया घागरी घेऊन यायच्या.

‘नाना, घेऊ का?’

‘घ्या की, माय!’

पुढची यायची. ‘नाना, घेऊ का?’

‘घे बाई, घे. विचारायलीस कावून? तुझंच हाय की पाणी.’

तिच्यामागची यायची. ‘नाना, घेऊ का?’

आधीचीला हो म्हटलं म्हणजे मागचीला हो झालं, असं नव्हतं. प्रत्येकीनं वेगळं विचारायचं, प्रत्येकीला वेगळं ‘घ्या की’ मिळायचं. घेऊ का, घ्या की. घेऊ का, घ्या की. मी सुट्टीत घरी आलो की गोधडीत पडल्या पडल्या ही लय ऐकायचो. मधे घागरीच्या काठावर तोटीचं पाणी आधी खणखणायचं, मग घोगरं व्हायचं, मग भरत आलं की गप्प व्हायचं. दुष्काळातलं यापेक्षा गोड संगीत मी ऐकलेलं नाही. नानांनी त्या उभ्या उन्हाळ्यात एकदाही, एकीलाही, नाही म्हटलं नाही. कुणी न विचारता घागर लावल्याचंही ऐकलं नव्हतं. त्यामुळं तसं केलं तर काय होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आक्का तिथं जायची नाही.

आक्का माझी थोरली बहीण. केजकडच्या एका गावात दिलेली. एका सकाळी ती काखेत गाठोडं घेऊन परत आली. का आली हे कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही, आणि मलाही आजतागायत माहीत नाही. फरक एवढाच दिसला की ती आता कुठल्याच गोष्टीला विचारत नव्हती. भूक लागली की भाकरी घ्यायची. डोकं दुखलं की भरदुपारी पडायची. आबा बिचकले. एकदा ती शेजारच्या गावच्या बाजाराला कुणाला न सांगता जाऊन आली, तेव्हा म्हणाले, ‘विचारून जावं माणसानं.’

‘विचारलं आस्तं तर तुमी न्हाई म्हणला आस्ता का?’

‘न्हाई कावून म्हणीन?’

‘मग झालं की.’

ज्याला उत्तर सुचत नाही तो अट घालतो. त्यांनी दारातल्या म्हशीकडं बोट केलं. ‘ही म्हैस तुझी. दूध डेअरीला घाल, तुझं तू भागव. म्हैस हाय तवर तू हाईस. म्हैस गेली की मी सोता तुला केजला सोडून यीन. मला बी भावकीत बसायचं हाय.’

बस्स. म्हैस राहिली तर आक्का राहणार, नाही तर नाही. म्हशीला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती निवांत रवंथ करायची. पण आक्का तिच्याकडं अशी बघायची, जसं आपण ताप चढलेल्या माणसाच्या छातीकडं बघतो, वर-खाली होतेय ना म्हणून.

आणि तरीही ही बाई नानांच्या हौदावर जायची नाही! गावाबाहेर ओढ्याच्या वाळूत तिनं झिरा काढला होता, कोपरभर खोल खड्डा. त्यात पाणी पाझरायचं, ते वाटीनं उपसायचं, घागरीत ओतायचं, पुन्हा पाझरायची वाट बघायची. घागर भरेपर्यंत सूर्य तरवडाच्या पिवळ्या फुलांवरून थेट टाळूवर यायचा. मग ती घागर म्हशीपुढं. मग परत ओढा.

मी त्या वर्षी स्वातंत्र्यानं झिंगलो होतो. आमच्या सरांनी फळ्यावर दोन प्रकार लिहिले होते. आपल्या आड कुणी येत नाही, ते पहिलं. आपणच आपले मालक होतो, ते दुसरं. ‘तिसऱ्याबद्दल पुढच्या तासाला,’ असं म्हणून त्यांनी हात झटकले होते. मला तिसऱ्याची गरज नव्हती. दुसऱ्याचीही फारशी नव्हती. पहिलंच इतकं स्वच्छ, इतकं सरळ होतं की मी ते भेटेल त्याला मोजमापाच्या पट्टीसारखं लावून बघायचो. आडवं कोण आलं? कुणी नाही. मग तू स्वतंत्र. चल, पुढचा.

झिऱ्यावर जाऊन आक्कालाही लावलं.

‘आक्का, नाना तुला कव्हा न्हाई म्हणले का?’

‘न्हाई.’

‘वाटंत आडवे आले?’

‘न्हाई.’

‘मग तू स्वतंत्र हाईस. तुला कुणीच अडवलेलं न्हाई. तूच तुला अडवून ठिवलंयस.’

तिनं वाटी माझ्यापुढं धरली. ‘धर. उपस जरा. का त्याला बी व्याख्या लागती?’

मी चार वाट्या उपसल्या, पाचवी सांडली आणि पाठ धरली म्हणून बाभळीखाली जाऊन बसलो. तिथून मी तिला स्वातंत्र्याचा इतिहास सांगितला. ती उपसत राहिली.

मग सोसायटीची सभा आली. म्हशीमुळं आक्का सभासद होती. सभासदांत बाई ती एकटीच. पुरुष सतरंजीवर, ती खांबाला टेकून उभी. मी सभासद नव्हतो, पण कॉलेजातला म्हणून मला सतरंजीवर पुढं बसवलेलं. सभेसाठी मी कॉलेजला दांडी मारून आलो होतो. विषय संपत आले, चहाचे कप वाजायला लागले, आणि आक्का म्हणाली, ‘माझा ठराव हाय.’

कप थांबले. ठराव हा शब्द त्या खोलीत बाईच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला असावा. बशीरभाई तर मोटरीत काही तडकलं की काय म्हणून बाहेर डोकावून आले.

‘पेटीचं कुलूप काढा,’ आक्का म्हणाली. ‘सकाळी तोटी उघडायची. यील त्यानं वळीनं घागर भरायची. कुणी कुणाला इचारायचं न्हाई.’

नानांच्या चेहऱ्याचं काय झालं ते मी विसरणार नाही. कुणी त्यांच्या तोंडात मारली असती तरी ते इतके दचकले नसते. डोळे टचकन भरले.

‘माय, मी कव्हा न्हाई म्हणलो का गं?’

‘न्हाई म्हणला न्हाईत.’

‘मग माझं चुकलं काय?’

आक्काला ते सांगता येईना. शेवटी एवढंच, ‘इचारायचं न्हाई म्हंजी न्हाई.’

हे म्हणणं नव्हे, हट्ट झाला. खोलीत हशा पिकला. आणि नेमका त्या क्षणी तत्त्वज्ञानाचा एक विद्यार्थी सतरंजीवरून उठला.

मी बोललो. अरे बापरे, काय बोललो मी! स्वातंत्र्य म्हणजे अडथळ्याचा अभाव. जिथं नकार नाही तिथं बंधन नाही. जो मालक कधी नाही म्हणत नाही, त्याच्या दारात उभा माणूस राजाइतकाच मोकळा. नानांच्या हौदावर आज या गावातली गरिबातली गरीब बाई स्वतंत्र आहे. हात कुठं उंचवायचा, कुठं आवाज पाडायचा, सगळं जमलं. नाना रडले. आबांनी मुंडाशानं डोळे टिपले. बशीरभाई म्हणाले, ‘क्या बोल्या बे पोट्ट्या! कुछ समज्या नहीं, पन दिल भर आया.’

ठरावाच्या विरोधात सगळे हात वर गेले. आबांचाही. मी सभासद नसताना माझाही, उत्साहात. आक्काचा एकटा हात बाजूनं होता. तो तिनं खाली घेतला, पदर नीट केला आणि धार काढायची वेळ झाली म्हणून निघून गेली. नानांनी मला पेढा भरवला. रात्री आक्कानं मला भाकरी वाढली, वर लसणाची चटणीही वाढली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

झिरा आटला तो त्यानंतर लगेचच. आक्का घागर घेऊन परत आली, रिकामी, आणि उंबऱ्यावर बसली. वाळूनं नखं भरलेली. म्हशीनं मान वळवून बघितलं. तिच्या कातडीखालच्या फासळ्या आता दिव्याच्या उजेडातही दिसायच्या.

‘उद्या जाते नानाकडं,’ आक्का म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही.

मला आनंद झाला. काय सांगू, खरोखरचा आनंद. अखेर विवेकाचा विजय झाला.

सकाळी ‘घेऊ का, घ्या की’ ऐकू आलं नाही. मला वाटलं माझीच झोप जास्त झाली. बाहेर येऊन बघतो तर लिंबाखालची बाज रिकामी. पेटीला कुलूप. घागरींची रांग उभी, आणि रांगेत सगळ्यात शेवटी, मान खाली घालून, आक्का. परळीकडं, धर्मापुरीला, नानांचे मेहुणे वारले होते. सांगावा पहाटे आला, नाना तसेच उठून पहिल्या एस्टीनं गेले. कोपरीसकट. चावीसकट.

म्हणजे बघा. ज्या सकाळी आक्का विचारायला आली, त्या सकाळी विचारायला माणूसच नव्हता.

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? कुलूप केवढं, माझ्या तळहाताएवढं. बिजागरी गंजलेली. हौद काठोकाठ, शेवाळाचा वास नाकात जातोय. टँकर चार दिवसाआड येतो म्हणे, पण आलेला कुणी पाहिला नव्हता. कुणीही एक दगड उचलायचा होता. सबंध गाव त्या कुलपाभोवती उभं राहिलं आणि कुलपाकडं बघत राहिलं. पुरुष आले, बघून गेले. बशीरभाईंच्या पिशवीत पान्हे होते, हातोडी होती. कुणी त्यांच्याकडं नुसतं बघितलं तरी ते दोन्ही हात वर करायचे. ‘मोटर मेरे हात में है बाबा. पानी नानां का है.’

‘नाना काय न्हाई म्हणनार हाईत का?’ एक बाई म्हणाली.

‘न्हाई कशाला म्हणतील?’

‘मग?’

‘मग... इचारायला तर पायजे की.’

मी तिथं होतो. माझ्या पायाशी दगड होता. मी त्याच्याकडं बघत होतो आणि हात खाली जात नव्हता. कुणी धरला नव्हता, आडवं कुणी आलं नव्हतं. माझ्या व्याख्येप्रमाणं मी त्या क्षणी पृथ्वीवरचा सगळ्यात स्वतंत्र माणूस होतो, आणि मला वाकता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ठरलं की कुणीतरी धर्मापुरीला जाऊन चावी आणावी. कोण जाणार? ज्याला बोलता येतं तो. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आक्कानं मला एस्टीपर्यंत सोडलं. ‘म्हैस बसलीय,’ ती म्हणाली. ‘उठवली तर उठती अजून. उशीर करू नको.’

एस्टी परळीमार्गे गेली. खिडकीतून धूळ, धुळीतून माळ, माळावर शेरडं. मी मनात वाक्य जुळवत होतो. ‘नाना, चावी न्यायला आलोय.’ नको, उद्धट वाटतं. ‘नाना, चावी असली तर...’ नको. धर्मापुरीत उतरल्यावर जुन्या देवळाच्या सावलीला टेकून मी घसा साफ केला, दगडातल्या मूर्तींपुढं म्हणून बघितलं. सगळं घासून-पुसून शेवटी जे वाक्य उरलं ते होतं, ‘नाना, चावी घेऊ का?’

ते माझ्या तोंडात आलं आणि मला कसंतरीच झालं.

सुतकाच्या घरी बायांचा सूर चालू होता. पुरुष भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. मी नानांजवळ जाऊन बसलो. नानांनी माझा हात धरला. ‘एवढ्या लांबून आलास, लेकरा,’ ते म्हणाले, आणि रडायला लागले. ‘गावातून दुसरं कुणी आलं न्हाई. तू आलास.’ सगळ्या भिंतीनं माझ्याकडं कौतुकानं बघितलं. कुणीतरी कोरा चहा दिला. समोर खुंटीला नानांची कोपरी. खिशातून चावी बांधलेला काळा करगोटा बाहेर लोंबत होता. वाऱ्यानं तो हलत होता. मी हात लांब केला असता तर पोचला असता.

आमच्याकडं सुतकाला गेलं की काही बोलायचं नसतं. बसायचं. आणि निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं, मुकाट्यानं उठायचं. मी बसलो. तो करगोटा बघत बसलो. आता म्हणतो, आता म्हणतो, करत करत माझ्या शेजारचे दोघं उठले आणि त्यांच्याबरोबर मीही उठलो. ‘येतो’ न म्हणता. उंबरा ओलांडला, वहाणा घातल्या, स्टँडवर आलो, एस्टीत बसलो. अडवायला कुणी नव्हतं. सभा गाजवणारा मी, गावाच्या पाण्याची चावी खुंटीवर बघून, नानांच्या मेहुण्यांच्या मयताला भेट देऊन परत निघालो होतो!

गावात पोचलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. लिंबाखाली सगळे बसलेले. माझ्या तोंडाकडं कुणी बघितलं नाही, सगळ्यांच्या नजरा माझ्या हातांवर.

‘चावी?’ आबा म्हणाले.

‘हाय की. खुंटीवर हाय.’

‘कुठल्या खुंटीवर?’

‘धर्मापुरीच्या.’

‘नाना न्हाई म्हणले?’ आबांचा आवाज बसला. ही शक्यता त्यांच्या डोक्यात कधी आलीच नव्हती.

‘मी इचारलंच न्हाई.’

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. आबांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि त्याच्याकडं बघत बसले. आक्का गर्दीच्या कडेला उभी होती. ती माझ्यावर नजरही न टाकता वळली आणि घरी गेली.

परत आली तेव्हा तिच्या हातात पाट्यावरचा वरवंटा होता आणि मागं, पाय ओढत, म्हैस. गर्दी दुभंगली. तिला अडवायला दुभंगली नाही, आणि वाट द्यायलाही नाही. नुसती भ्यायली. पहिल्या घावाला कुलूप वाजलं. दुसऱ्याला नुसती धूळ उडाली. तिसऱ्याला कडीच निखळली आणि पेटीचं झाकण लोंबायला लागलं. आक्कानं तोटी पिळली. पाणी खालच्या दगडी हाळात पडायला लागलं, आणि म्हशीनं त्यात तोंड घातलं.

ती पीत होती. गळ्यातून एकेक घोट खाली जाताना दिसत होता. सगळं गाव बघत होतं. म्हशीला काही विचारायचं नव्हतं.

आणि बाया उभ्याच. रिकाम्या घागरी कमरेवर, पाणी समोर वाहतंय, कुलूप धुळीत पडलंय, आणि एकही पाऊल पुढं नाही. मला वाटलं, आता हलतील. आता हलतील. शेवटी एक म्हातारी चार पावलं पुढं आली. आक्काच्या हातातल्या वरवंट्याकडं तिनं बघितलं, आणि अगदी हळू, अगदी त्याच चालीत म्हणाली,

‘आक्का, घेऊ का?’

माझ्या अंगावर काटा आला. आजही येतो. आक्का तर दगड झाली. नानांनी तोंडात मारली असती तरी ती अशी झाली नसती. तिनं म्हातारीकडं बघितलं, मग मागं उभ्या असलेल्या सगळ्यांकडं. त्या सगळ्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या, तिथून ‘घ्या की’ निघायची वाट बघत. तिनं वरवंटा तिथंच टाकला, म्हशीचं दावं धरलं आणि चालायला लागली. हो म्हणाली नाही. नाही म्हणाली नाही. ती वळणाआड गेली तरी बाया थांबून होत्या. तोटी चालू, हाळ भरून वाहायला लागला, पाणी मातीत जायला लागलं. मग एकीला ते बघवेना. तिनं घागर लावली. मग दुसरीनं.

नाना आले ते सुतक फिटल्यावर. तुटलेली पेटी बघून मटकन बाजेवर बसले. गाव धडधडत्या छातीनं उभं. नाना रडत होते, आणि आम्हाला वाटलं कुलपासाठी.

‘आरं, मग पयल्याच दिशी फोडायचं की!’ ते म्हणाले. ‘जनावरं तहानली, लेकरं तहानली. मी काय न्हाई म्हणलो आस्तो का रं?’



त्यांनी नवं कुलूप आणलं, पहिल्यापेक्षा थोरलं, दोन चाव्यांचं. एक कोपरीत टाकली. दुसरी आक्काला बोलावून तिच्या हातात दिली. ‘ही तुझ्याकडं ठिव माय. मी नसलो की बायांनी तुला इचारावं.’ नानांनी मनापासून दिली. त्यांना वाटलं, हेच तिला हवं होतं. मलाही तेच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. आक्कानं चावी घेतली. बशीरभाईंच्या पिशवीतून एक खिळा आणि हातोडी घेतली, न विचारता, आणि लिंबाच्या बुंध्यात, कुणाचाही हात पोचेल अशा उंचीवर, खिळा ठोकला. चावी त्याला अडकवली. हात झटकले. म्हणाली, ‘म्हशीला कडबा टाकायचाय,’ आणि गेली.

चावी कुणी काढून घेतली नाही. कुलूप राहिलं, चावी शेजारी राहिली, आणि गंमत बघा, बाया कितीतरी दिवस सकाळी यायच्या, खिळ्यापुढं क्षणभर थांबायच्या आणि पुटपुटायच्या, ‘घेऊ का?’ खिळ्याला! मग इकडंतिकडं बघत चावी काढायच्या. हळूहळू पुटपुटणं गेलं. मग थांबणं गेलं. नाना सकाळी बाजेवर यायचे, बसायचे, ओलसर डोळ्यांनी बघत राहायचे. त्यांना आता कुणी काही विचारत नव्हतं आणि सकाळचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. घागरींचा आवाज तोच होता, आधी खणखण, मग घोगरा, मग गप्प. पण मधली ती लय गेली. आणि मी गोधडीत पडून ती शोधायचो. अजून शोधतो. सबंध आयुष्य स्वातंत्र्य शिकवलेल्या माणसाला झोपेतून उठताना ‘घ्या की, माय’ ऐकावंसं वाटतं, याला काय म्हणायचं?

कॉलेजात परत गेलो तेव्हा सरांना व्हरांड्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. ते ऐकून घेत गेले, मग माझ्याकडं विचित्र बघायला लागले.

‘पण हे मी शिकवलं की तुम्हाला. तिसरा प्रकार. मालक दयाळू असला, कधी अडवत नसला, तरी त्याच्या मर्जीवर जगणारा माणूस स्वतंत्र नसतो. कुठं होता तुम्ही त्या तासाला?’

मी कुठं होतो? सतरंजीवर उभा होतो, हात उंचावून.

शेळी निघून गेली होती. मी गाठीवरून एकदा बोट फिरवलं. साल गरम होती. म्हटलं, झाडानं बरोबर केलं. चावी काढून घेण्यापेक्षा खिळाच पोटात घातला. आणि ऊन डोक्यात जायला लागलं म्हणून आक्काच्या घराकडं निघालो.

आक्का केजला परत गेली नाही. त्या म्हशीनं तिला ठेवलं, मग त्या म्हशीच्या पोरीनं, मग तिच्या पोरीनं. आबा गेले, नाना गेले, बशीरभाई गेले, केजकडचं ते घरही म्हणे राहिलं नाही. आक्का ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पाठ वाकलेली, हात तसेच. मी पिशवी ठेवली, खांबाला टेकलो. जीभ टाळूला चिकटलेली. कोपऱ्यात माठ, त्यावर झाकणी, झाकणीवर तांब्या.

‘आक्का,’ मी म्हणालो, ‘पाणी घेऊ का?’

शेंग फुटली. दाणे सुपात पडले. तिनं मान वर केली नाही.

मला वाटलं, ऐकायला कमी येत असेल. मोठ्यानं म्हणालो, ‘घेऊ का पाणी?’

तिनं दुसरी शेंग उचलली. सोलली. दाणे सुपात.

ओसरीवर ऊन सरकत होतं. कुठंतरी म्हैस हंबरली. मी उभा होतो आणि ती सोलत होती. मग मला एकदम कळलं की मी काय म्हणालो. कान तापले. म्हाताऱ्या माणसाचे कान तापायला तसं काही उरलेलं नसतं, तरी तापले. मी माठापाशी गेलो, झाकणी काढली, तांब्या बुडवला, आणि उभ्याउभ्या, गटागटा, हनुवटीवरून ओघळेपर्यंत प्यायलो.

आक्कानं सूप बाजूला सारलं.

‘मला बी दे,’ ती म्हणाली.